धनी गेल्यावर...

(मांडवा येथे शिवजयंतीच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज दुपारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या बोटीत बसलो. शेजारी एक महाविद्यालयीन तरुण बसला होता. कमरेला दोन तलवारी लावलेल्या एका जपानी योद्ध्याचे चित्र त्याच्या सदऱ्यावर होते. मी सहज विचारले, "हा कोण रे?" त्या मुलाने तासाभराच्या प्रवासात मला सामुराईंची अशी काही माहिती सांगितली की मी थक्क झालो. त्यांची शस्त्रे, त्यांची हाराकिरी, त्यांचे सत्तेचाळीस बिनधन्याचे वीर, सारे त्याला तोंडपाठ होते. मुलगा थळचा. म्हणून विचारले, "खांदेरीला गेला आहेस का?" म्हणाला, "हो, वेताळाच्या दर्शनाला." मी विचारले, "मायनाक भंडारी ठाऊक आहे?" तो क्षणभर थांबला आणि प्रांजळपणे म्हणाला, "नाव ऐकलंय." मग त्यानेच मला प्रश्न टाकला, "काका, खरं सांगा, सामुराई भारी की मावळे?"

मी त्याला म्हटले, संध्याकाळी व्याख्यानाला ये, तिथे उत्तर देतो. तो आला आहे. मागच्या रांगेत बसला आहे. त्यामुळे आज मी जे टिपण घेऊन आलो होतो ते पिशवीतच राहू दिले आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच आजचे व्याख्यान.

सामुराई म्हणजे कोण?

'सामुराई' या शब्दाचा मूळ अर्थ योद्धा असा नाही. जवळ राहून सेवा करणारा, असा तो अर्थ आहे. आपल्या 'पाईक' शब्दाचा तो सख्खा भाऊ शोभावा. तुकोबांनी पाईकाचे अभंग रचले, ते सेवा आणि शौर्य यांचे हे नाते ओळखूनच.

इ. स. ११९२ मध्ये मिनामोतो योरितोमो याने 'शोगुन' हे पद धारण केले. क्योतोचा सम्राट पूज्य, परंतु नावापुरता. खरा कारभार सेनापतीच्या, म्हणजे शोगुनाच्या हाती. उत्तरकाळातील साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे डोळ्यांपुढे आणले म्हणजे ही व्यवस्था आपल्याला चटकन उमगते. पुढे १४६७ सालापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जपान यादवीत होरपळला. प्रत्येक खोऱ्याचा एक सुभेदार, प्रत्येक सुभेदाराचे सैन्य आणि प्रत्येक सैन्याची शेजाऱ्याशी लढाई. आदिलशाही-निजामशाहीच्या आश्रयाने एकमेकांची डोकी फोडणारे आपले देशमुख-वतनदार तरी याहून वेगळे काय करीत होते? या यादवीतून ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासु हे तीन पुरुष एकामागून एक पुढे आले. १६०० साली सेकिगाहाराच्या रणांगणावर इएयासु विजयी झाला, १६०३ मध्ये तो शोगुन झाला आणि पुढे सुमारे अडीचशे वर्षे जपानात बहुतांशी शांतता राहिली.

हा काळ लक्षात ठेवा. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा, निर्वाण १६८० चे. ज्या काळात सह्याद्रीत तलवार म्यानात जाण्यास उसंत नव्हती, नेमक्या त्याच काळात जपानी सामुराईंच्या तलवारी म्यानात विसावल्या होत्या. सामुराईचे जे रूप आज चित्रांत आणि चित्रपटांत दिसते, ते पुष्कळसे या शांततेच्या काळात घडलेले आहे.

त्या समाजाची घडी कशी होती? वरती सामुराई, खाली शेतकरी, त्याखाली कारागीर, त्याखाली व्यापारी. या चौकटीच्याही बाहेर मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे लोक. त्यांची वस्ती वेगळी, त्यांचा स्पर्श अमंगळ. आपल्या समाजाला लागलेला अस्पृश्यतेचा कलंक तिथेही होता, हे सांगताना मला समाधान वाटत नाही. पण सत्य सांगितले पाहिजे. कायद्याने तो १८७१ मध्ये पुसला गेला, मनांतून पुसायला पुढे किती पिढ्या लागल्या हे आपण आपल्यावरून ओळखावे.

कुटुंबांसह मोजले तर सामुराई शेकडा सहा-सात. त्यांचे वेतन तांदळात. 'कोकु' हे त्याचे माप. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. दहा हजार कोकु उत्पन्नाच्या प्रदेशाचा जो स्वामी तो 'दाइम्यो', म्हणजे आपल्या भाषेत संस्थानिक. त्याच्या पदरी शेकडो सामुराई. कोणाला पाचशे कोकु, कोणाला पन्नास, कोणाला त्याहूनही कमी. दाइम्योने आलटून पालटून शोगुनाच्या राजधानीत, म्हणजे एदोत, आजच्या तोक्योत, राहावे आणि बायकामुले कायम तेथेच ठेवावीत, असा नियम १६३५ साली झाला. ओलीस हा शब्द न वापरता सारा देश ओलीस ठेवण्याची ही युक्ती!

कमरेला एक लांब आणि एक आखूड अशा दोन तलवारी लावण्याचा मान सामुराईचा. सामान्य माणसाने उद्धटपणा केला तर त्याला जागच्या जागी कापण्याचा अधिकारही त्याला होता. मात्र तसे केल्यास कारण सिद्ध करावे लागे. त्यांच्या स्त्रिया लांब दांड्याचे शस्त्र चालविण्यास शिकत. मुले कन्फ्यूशियसचे ग्रंथ वाचीत, सुलेखन शिकत. हा सारा डामडौल खरा; पण लढायाच नाहीत म्हटल्यावर योद्ध्याने करायचे काय? तो कारकून झाला. तांदळाचे भाव पडले की त्याचे वेतन घटे. सावकाराच्या दारी तो उभा राही. कित्येक कनिष्ठ सामुराई घरी छत्र्या बनवून प्रपंच चालवीत. कमरेला दोन तलवारी आणि हातात छत्रीच्या काड्या! जातिवंत माणसाच्या दारिद्र्याचे हे चित्र पाहून कोकणातल्या कोणत्याही जुन्या घराला आपला एखादा पणजोबा आठवेल.

दोन मृत्यू

सामुराईच्या आयुष्याचा एकच खांब होता, धनी. धनी आहे तोवर तो सामुराई. धनी मेला, त्याची जहागीर जप्त झाली की तो 'रोनिन', लाटेवरचा ओंडका. ना घर, ना काम, ना ओळख.

१७०१ साली आको संस्थानचा धनी आसानो याने शोगुनाच्या वाड्यात रागाच्या भरात एका दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उगारले. त्याच दिवशी त्याला पोट फाडून मरण पत्करावे लागले आणि संस्थान खालसा झाले. त्याचे शेकडो सामुराई एका दिवसात रोनिन झाले. त्यांपैकी सत्तेचाळीस जणांनी वर्षा-दीड वर्षाहून अधिक काळ गुप्तपणे तयारी केली, १७०३ च्या प्रारंभी एका हिमवर्षावाच्या रात्री त्या अधिकाऱ्याच्या वाड्यावर चालून जाऊन त्याचे शिर कापले आणि ते धन्याच्या समाधीपुढे ठेवले. शोगुनाने शेहेचाळीस जणांना पोट फाडून मरण्याची शिक्षा दिली. ती त्यांनी शांतपणे भोगली. तोक्योतील सेंगाकुजी मंदिरात त्यांच्या समाध्यांवर आजही उदबत्त्या जळत असतात. अशा निष्ठेपुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे.

दुसरी कथा त्याच सुमाराची आहे. सागा संस्थानात यामामोतो त्सुनेतोमो नावाचा सामुराई होता. १७०० साली त्याचा धनी वारला. धन्यामागोमाग देह ठेवावा ही त्याची इच्छा. परंतु अशा सहगमनाला शोगुनाने १६६३ सालीच बंदी केलेली. मरता येत नाही आणि धन्याविना जगण्याला अर्थ उरला नाही, तेव्हा त्याने मुंडण केले आणि तो संन्यासी झाला. पुढे एका तरुण सामुराईने त्याचे बोल टिपून ठेवले. 'हागाकुरे' या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे.

आता मी तुम्हांला जपानमधून परत सह्याद्रीत आणतो, कारण १७०० हे साल आपल्याही इतिहासात आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज निवर्तले. सिंहासनाचा एक वारस, शाहू, औरंगजेबाच्या छावणीत कैद. दुसरा अजाण बालक. दिल्लीचा बादशहा स्वतः महाराष्ट्रात तळ ठोकून बसलेला. मग आपल्या पाइकांनी काय केले? पंचविशीच्या आतबाहेरची एक विधवा राणी, ताराबाई, कंबर कसून उभी राहिली आणि धनाजी जाधवांसारखे सेनानी पुढची सात वर्षे लढत राहिले. १७०७ साली औरंगजेबाने अहमदनगरजवळ प्राण सोडला तेव्हा महाराष्ट्र त्याला जिंकता आलेला नव्हता.

त्याहीआधी, १६८९ मध्ये, संभाजी महाराजांचे बलिदान झाले. रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू शत्रूच्या हाती लागले. नवा छत्रपती शेकडो मैल दूर जिंजीला. खजिना नाही, राजधानी नाही, धनी दृष्टीसमोर नाही. सामुराईच्या भाषेत बोलायचे तर त्या दिवशी सारा महाराष्ट्र रोनिन झाला होता. काही सरदार मोगलांना मिळाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव, शंकराजी नारायण आणि हजारो अनामिक पाईक यांनी संन्यास घेतला नाही, पोटेही फाडली नाहीत. ते दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसले.

हे कसे घडले? मला वाटते, बोटीतल्या त्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

स्वराज्याचा पाईक

शिवछत्रपतींनी निष्ठेचा खांब एका माणसावरून काढून राज्यावर रोवला. हे त्यांनी भाषणे करून साधले नाही, व्यवस्थेने साधले. सैनिकाला गाव तोडून देण्याऐवजी शक्यतो रोख पगार दिला. पागेत बारगिराला घोडा सरकारचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी चढती रचना. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे, म्हणजे गड कोणा एकाच्या मालकीचा नव्हे. गडाच्या घेऱ्यात राखणीला रामोशी, बेरड, महार. जपानात हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडून शस्त्रे काढून घेतली आणि नांगर व तलवार यांच्यामध्ये भिंत घातली; विशेष म्हणजे तो स्वतः सामान्य घरातून वर आलेला होता. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करणारा मावळा पावसाळ्यात आपल्या शेतात उभा असे. नांगर आणि तलवार एकाच हातात होती.

म्हणून त्या तलवारीला रयतेची जाण होती. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण जपून वापरा, रयतेकडून काही हिसकावू नका, रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, इतक्या बारकाव्याने तो छत्रपती लिहितो. शेतकऱ्याला कापण्याचा अधिकार असलेला योद्धा एकीकडे, आणि शेतकऱ्याच्या गंजीची काळजी वाहायला लावलेला योद्धा दुसरीकडे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

वतनाचा मोह कसा असतो ते १६५९ साली दिसले. अफजलखान आला. आदिलशाही फर्माने मावळात फिरली: शिवाजीला सोडा, नाहीतर वतने जातील. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे आपले पाच पुत्र घेऊन राजगडी आले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. दोघेही देशमुख, दोघेही मावळातले. एकाने जमीन धरली, एकाने राज्य धरले.

सन्मानाची गोष्ट घ्या. बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी प्रतापराव गुजरांना कठोर बोल लावले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव अवघ्या सहा सोबत्यांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि कामी आले. हा प्रसंग कोणत्याही सामुराईला आपला वाटेल. परंतु महाराजांना त्याचे दुःख झाले. त्यांनी प्रतापरावांच्या कन्येला राजारामांची वधू म्हणून घरी आणले. आणि नेताजी पालकर? ते मोगलांकडे गेले, तेथे त्यांचे धर्मांतर झाले, काबूलच्या बाजूला त्यांना धाडण्यात आले. १६७६ मध्ये ते परतले तेव्हा महाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा आपल्यात घेतले. सामुराईच्या शास्त्रात चुकलेल्याला सन्मानाचा एकच मार्ग होता, स्वतःचे पोट. स्वराज्याच्या शास्त्रात चुकलेल्याला परतीची वाट होती. जिवंत माणूस राज्याच्या कामी येतो, हे हिंदू मनाचे शहाणपण त्यात आहे.

तुमच्या दारातली लढाई

आता खांदेरीकडे वळू. मांडव्याहून दक्षिणेला किहीम ओलांडून थळच्या किनाऱ्यावर गेलात की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट बांधू लागला. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडावर ठेवलेला हात. त्यांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, त्यांचा एक अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे मराठी आरमार नागावच्या बाजूने चालून आले. 'डव्ह' नावाचे इंग्रजी गलबत मराठ्यांनी पकडले. 'रिव्हेंज' या मोठ्या लढाऊ जहाजाच्या तोफांनी मात्र मराठी आरमाराला माघार घ्यायला लावली.

समोरासमोरच्या लढाईचा हिशेब मांडला तर तो दिवस आपला नव्हे. परंतु त्यानंतरही रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, जिथे इंग्रजांची अवजड जहाजे येऊ शकत नव्हती तिथून, छोट्या होड्या धान्य, दारूगोळा आणि माणसे घेऊन खांदेरीला लागतच राहिल्या. दगडावर दगड चढत राहिला. सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, त्याने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. तरी खांदेरी हलली नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला.

त्या होड्या वल्हवणारे कोण होते? याच किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, आगरी. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. महाराज खांदेरीवर उभे राहून त्यांना पाहत नव्हते. एप्रिल १६८० मध्ये तर महाराज गेलेच. धनी पाहत नसताना, नाव राहणार नसताना, रात्री उथळ पाण्यातून धान्याची गोणी पोचवणे, याला मी पाइकपण म्हणतो. १७१८ साली इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर चाल केली आणि पुन्हा ते हात हलवीत परतले. जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत तुमची खांदेरी आहे.

वतनाची वाळवी

येथपर्यंतची कथा ऐकून उर भरून येतो. पण मी इथेच थांबलो तर तुमची फसवणूक केल्यासारखे होईल.

१६८९ नंतरच्या बिकट काळात मोगल वतनांची लालूच दाखवून सरदार फोडू लागले. तेव्हा राजाराम महाराजांनाही वतने देण्याचे आश्वासन द्यावे लागले. प्रसंग तसाच होता. परंतु ज्या रोपट्याला शिवछत्रपतींनी पाणी तोडले होते ते पुन्हा फोफावले. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' वतनदारांविषयी इतक्या सावधपणे बोलते ते उगीच नाही.

कान्होजी आंग्रे हे याच काळाचे अपत्य. मूळचे संकपाळ, आंगरवाडीवरून आंग्रे झाले. पोर्तुगीज आणि इंग्रज यांनी १७२१ साली एकत्र येऊन कुलाब्यावर हल्ला केला, तो कान्होजींनी उधळून लावला. अलिबाग वसवले ते त्यांनी. ज्या अलिबागच्या नावाने मुंबईच्या कंपनी सरकारच्या पोटात गोळा येई, त्याच अलिबागवरून आज मुंबईत भोळेपणाची थट्टा करतात आणि ती थट्टा थांबवावी म्हणून २०१९ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले! न्यायालयाने ती तक्रार मनावर घेतली नाही. मला वाटते, कान्होजींनीही घेतली नसती.

बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या पक्षात आणले, म्हणून दर्या आणि देश एकत्र राहिले. पण १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि मुलांत वारसाहक्काचे भांडण लागले. घराणे दुभंगले. एक भाऊ कुलाब्यात, एक विजयदुर्गात. तुळाजी आंग्रे पराक्रमी, पण पेशव्यांना जुमानीना. त्याने आपल्याच मुलखाला त्रास दिला, तो निर्दोष नव्हता. पेशव्यांनी त्याच्या पारिपत्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या धक्क्यात आंग्र्यांचे आरमार जळून राख झाले. शिवछत्रपतींनी पै पै करून उभारलेल्या आरमाराचा वारसा परक्याच्या तोफेने आणि आपल्या संमतीने जळाला. त्या मोहिमेचे नायक होते अॅडमिरल वॉट्सन आणि रॉबर्ट क्लाइव्ह. अवघ्या सोळा महिन्यांनी हेच दोघे बंगालच्या मोहिमेवर होते आणि प्लासीला क्लाइव्हने हिंदुस्थानच्या गुलामगिरीचा पाया घातला. पुढे १८४० मध्ये, वारस नाही म्हणून, इंग्रजांनी कुलाबा संस्थानही खालसा केले.

१६८९ मध्ये ज्यांना राज्य धन्याहून मोठे दिसले, त्यांच्याच नातवंडांना १७५६ मध्ये आपले घर राज्याहून मोठे दिसू लागले.

जपानने काय केले?

आता पुन्हा जपान. १८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजे एदोच्या उपसागरात आली. अडीचशे वर्षांच्या शांततेने गंजलेल्या तलवारी त्या तोफांपुढे निरुपयोगी होत्या. आपल्यासारखाच जपानही गिळला जाणार होता. परंतु १८६८ मध्ये तरुण सामुराईंच्या पुढाकाराने शोगुनाची सत्ता संपली. १८६९ मध्ये सात्सुमा, चोशु, तोसा आणि हिझेन या चार बलाढ्य संस्थानांनी आपली जमीन आणि प्रजा सम्राटाला परत केली. यातले हिझेन म्हणजेच सागा. धनी वारला म्हणून ज्या संस्थानात त्सुनेतोमो संन्यासी झाला, तेच. १८७१ मध्ये सारी संस्थाने विसर्जित झाली. १८७३ मध्ये शेतकऱ्याच्या मुलालाही सैन्यात घेणारा कायदा झाला. १८७६ मध्ये तलवार लावण्यास बंदी आली आणि पिढीजात तांदूळ-वेतन बंद होऊन हाती रोखे आले. सगळे हसतमुखाने झाले असे नाही. सागात १८७४ मध्ये बंड झाले, १८७७ मध्ये सात्सुमाच्या सायगो ताकामोरीने बंड केले आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या नव्या सैन्याने ते मोडून काढले. पण वतन गेले आणि राष्ट्र उभे राहिले.

तोसा संस्थानातील एका खालावलेल्या कनिष्ठ सामुराई घराण्यातला इवासाकी यातारो १८७० मध्ये जहाजांच्या धंद्यात उतरला. तीच पुढची 'मित्सुबिशी'. तिच्या जहाज व्यवसायातून उभ्या राहिलेल्या कंपनीने १८९३ मध्ये, जमशेटजी टाटांच्या सहकार्याने, कोबे ते मुंबई अशी थेट जहाजे सुरू केली. कल्पना करा. छत्र्या विणणाऱ्या सामुराईंच्या नातवांची जहाजे या समोरच्या उपसागरात येऊन नांगर टाकीत होती. आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी गुराबा बांधल्या, ती इथली मुले परक्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून कोळसा ओढीत होती. शौर्यात आपण उणे नव्हतो. जे आपण १६८९ मध्ये करून दाखवले ते जपानने १८६९ मध्ये केले. आणि ज्या रोगाने आपण १७५६ मध्ये बुडालो, तो त्याने वेळेवर कापून काढला.

यात एक इशाराही आहे. जगाला ज्या 'बुशिदो'चे वेड लागले ते इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे, म्हणजे सामुराई वर्ग संपल्यावर. पुढे तीच निष्ठा विवेक सोडून सैन्याच्या अंगात भिनवली गेली. शरण जाणे हे पाप ठरले, शरण आलेला शत्रू तुच्छ ठरला, आणि १९३७ मध्ये नानकिंगला जे घडले त्याने जपानच्या नावाला काळिमा लागला. निष्ठा ही धार आहे. तिला धर्माची मूठ हवी. गंजी जळू नये म्हणून जपणारा आणि शत्रूच्या स्त्रीला मातेसमान मानणारा आदर्श आपल्यापुढे आहे, तो याच कारणासाठी जपायचा.

आजचे वतन

बंधू-भगिनींनो, तुमच्या शेजारच्या सासवण्याच्या विनायकराव करमरकरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ पासून पुण्यात उभा आहे. पुतळे हवेत, जयंत्या हव्यात, फलकावर तलवारी हव्यात. पण आपण आज कशाची राखण करतो, हे स्वतःला विचारले पाहिजे. २०२० मध्ये मोठी बोट सुरू झाली आणि मुंबई तासावर आली. त्याबरोबर जमिनीचे भाव आले. वाडवडिलांनी राखलेला किनारा गुंठ्यागुंठ्याने विकला जातो आणि विकणाऱ्याचा मुलगा त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदार म्हणून उभा राहतो. अडचणीपायी जमीन विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्या पैशातून मुलगी शिकली का, मुलगा दर्यावर्दी अधिकारी झाला का, गावाची शाळा उभी राहिली का? की भावाभावांचे दावे उभे राहिले? दोन भावांनी बांधावरून एकमेकांना कोर्टात खेचणे, ही १७५६ ची छोटी आवृत्ती आहे.

आमच्या संघटनेच्या कामालाही हीच कसोटी लावतो. एखादा कार्यकर्ता गेला, बदलला, रुसला, तर त्याची शाखा, त्याचा अभ्यासवर्ग, त्याने चालवलेली सेवावस्ती दुसऱ्या दिवशी उघडते का? उघडत असेल तर आपण पाईक आहोत. कुलूप लागत असेल तर आपण रोनिन आहोत; आणि मग गळ्यात कोणता गमछा आहे याला काही अर्थ नाही.

आता मागच्या रांगेतल्या माझ्या मित्राला उत्तर देतो. बाळा, तुझ्या सदऱ्यावरचा तो योद्धा खोटा नाही. त्याला आदराने वागव. तो धन्यासाठी मरायला तयार होता आणि पुढे त्याच्या नातवाने देशासाठी तलवारही खाली ठेवली. दुसरे काम पहिल्याहून अवघड असते. मावळा भारी की सामुराई, हे रणांगणावर ठरत नाही. धनी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोण कामाला उभा राहिला, त्यावर ते ठरते. पुढच्या वेळी वेताळाच्या दर्शनाला खांदेरीवर जाशील तेव्हा तटाच्या एखाद्या दगडावर हात ठेव. तो दगड रात्रीच्या अंधारात, इंग्रजांच्या तोफा चुकवून, तुझ्याच गावातल्या कोणी तरी होडीतून आणला असेल. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याला आपले ठाऊक व्हावे, असे काही तरी आपण करू या.